कोड ही 'अभिव्यक्ती' आहे का? (ओरॅकल विरुद्ध गूगल, आणि आपला १९५७ चा कायदा)

अर्धविराम

रेंजचेक नावाचं ९ ओळींचं एक फंक्शन आहे. त्याला तीन आकडे द्यायचे: यादी किती लांब, सुरुवात कुठून, शेवट कुठे. सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा मोठा निघाला तर एरर, शून्याच्या खाली गेला तर एरर, शेवट यादीबाहेर पडला तर एरर. संपलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही लिहून देईल. या ९ ओळींवरून २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात खडाजंगी झाली. ओरॅकलतर्फे डेव्हिड बॉइजसारखा नावाजलेला वकील उभा होता. न्यायाधीश विल्यम ऑल्सप स्वतः प्रोग्रामिंग करणारे. असले तुकडे आपण स्वतः शंभरदा लिहिले आहेत, असं त्यांनी भर कोर्टात ऐकवलं. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या कोडमध्ये त्या ओळी लिहिणारा माणूस एकच होता, जोशुआ ब्लॉक. आधी सनमध्ये (जावा ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणारी कंपनी, जी पुढे ओरॅकलने घेतली), मग गूगलमध्ये.

पण खरं भांडण ९ ओळींचं नव्हतंच, ते ११,५०० ओळींचं होतं.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावात दोन आकड्यांतला मोठा कुठला ते हवं असेल तर 'मॅथ' या क्लासमधल्या 'मॅक्स'ला हाक मारायची. मॅक्सचे दोन भाग असतात. वरची ओळ नुसती ओळख करून देते: माझं नाव मॅक्स, मला दोन पूर्णांक द्या, मी एक परत करीन. हा डिक्लेअरिंग कोड. त्याखाली महिरपी कंसात खरं काम: पहिला मोठा असेल तर पहिला दे, नाहीतर दुसरा. हा इम्प्लिमेंटिंग कोड. अँड्रॉइड तयार करताना गूगलने कंसातलं काम स्वतः लिहून काढलं. पण ३७ पॅकेजेसच्या ओळख करून देणाऱ्या ओळी, आणि कुठलं फंक्शन कुठल्या क्लासमध्ये, कुठला क्लास कुठल्या पॅकेजमध्ये ही मांडणी, जशीच्या तशी उचलली. जावा शिकलेल्या सुमारे ६० लाख प्रोग्रामरना अँड्रॉइडवर पहिल्या दिवसापासून काम करता यावं हा हेतू. २८ लाख ६० हजार ओळींपैकी ११,५००, म्हणजे ०.४ टक्के.

सनचे तेव्हाचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी २००७ मध्ये ब्लॉगवर गूगलचं तोंडभरून अभिनंदन केलं होतं. पुढे २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये खटला ठोकला. २०१२ मध्ये ऑल्सप म्हणाले, या मांडणीवर कॉपीराइट नाही. २०१४ मध्ये अपील कोर्टाने ते फिरवलं. २०१६ मध्ये ज्युरीने गूगलचा वापर 'फेअर यूज' (परवानगीविना, पण न्याय्य वापर) ठरवला, २०१८ मध्ये अपील कोर्टाने तेही फिरवलं. तोवर ओरॅकलची मागणी ९ अब्ज डॉलरच्या घरात पोचली होती. शेवटी ५ एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ अशा मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला.

आता माझी तक्रार. मूळ प्रश्न होता, असल्या ओळींवर कॉपीराइट मिळतो का. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलं की वादापुरतं धरून चालू की मिळतो, आणि मग थेट फेअर यूजकडे वळले. दहा-अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मुद्द्याचं उत्तर नाहीच!

माझं मत असं की कोड ही अभिव्यक्ती आहे, पण सगळ्या ओळी सारख्या नाहीत. कंसाच्या आत लिहिणाऱ्याचा हात दिसतो. वरची ओळ एकदा रूढ झाली की दुसऱ्याला ती वेगळी लिहिताच येत नाही, एक अक्षर बदललं तर हाक पोचत नाही. जिथे पर्यायच उरत नाही तिथे मालकी कसली?

मतं येऊ द्या. वकील मंडळींनी विशेष.

टवाळखोर

ऑल्सपसाहेबांना आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला पाठवा. रेंजचेक लिहायला विसरणारे तीन जण देतो.

बाकी लेख झकास. खुर्ची पकडून बसलोय.

पंचकार्ड

अर्धविराम, लेख चांगला आहे पण पायाच मान्य नाही. कोड अभिव्यक्ती नाही. ते यंत्राचे भाग आहेत, फक्त टाईप करून बनवलेले.

मी कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर वाढलेला माणूस. आम्ही लिहायचो ते कुणी वाचावं म्हणून नव्हे, बँकेचं व्याज रात्रीतून लागावं म्हणून. वाचायची वेळ आली तर ती दुसऱ्याच्या शिव्या खायची वेळ असायची.

आणि हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत १९७४ साली या विषयावर कॉन्टू नावाचा आयोग नेमला होता. १९७८ मध्ये त्याने प्रोग्रामला कॉपीराइट द्या असा अहवाल दिला आणि १९८० मध्ये काँग्रेसने कायद्यात तशी व्याख्या घातली. त्या आयोगात एकच लेखक होते, जॉन हर्सी, हिरोशिमावर लिहिणारे. लेखक मंडळींचे प्रतिनिधी म्हणून आले होते. त्यांनी प्रोग्रामला कॉपीराइट देण्याच्या विरोधात भिन्नमत नोंदवलं. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्राम पूर्ण तयार झाला की तो यंत्र चालवणारा यंत्राचाच एक भाग असतो, त्याला कविता-कादंबरीच्या पंगतीत बसवू नका. ज्याचा धंदा लिहिण्याचा, तो म्हणतोय हे लिहिणं नव्हे! मला तरी हा अख्ख्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

शिवाय १८७९ चा बेकर विरुद्ध सेल्डन वाचा. सेल्डनने हिशेब ठेवण्याच्या नव्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, सोबत रकाने आखलेले कोरे तक्ते दिले. बेकरने साधारण तशाच रकान्यांच्या वह्या काढल्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पुस्तक तुझं, पण हिशेबाची पद्धत तुझी नाही, आणि पद्धत वापरायला जे तक्ते लागणारच तेही तुझे नाहीत. त्या निकालाला दीडशे वर्षं होत आली. ११,५०० ओळींचं उत्तर त्यातच होतं.

उलटतपासणी

वकिलांना आवाज दिलाय म्हणून आले. आधी भारतापुरतं बोलते.

पंचकार्ड काका, तुमचं म्हणणं तात्त्विक पातळीवर कितीही पटलं तरी आपल्या कायद्यात त्याला जागा नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २(ओ): वाङ्मयीन कृतीच्या व्याख्येतच संगणक प्रोग्राम येतो. १९८४ च्या दुरुस्तीने तो आत आला, १९९४ च्या दुरुस्तीने नीट बसवला. कलम २(एफएफसी) मध्ये प्रोग्रामची व्याख्या आहे: शब्द, कोड, आराखडे किंवा इतर कुठल्याही रूपात, यंत्राला वाचता येईल अशा माध्यमातसुद्धा, व्यक्त केलेल्या सूचनांचा संच, ज्याने संगणक एखादं काम करू शकतो. मागे फिरायची वाटही बंद आहे, कारण ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय व्यापारी कराराचं कलम १० सांगतं की सोर्स कोड (माणसाने लिहिलेला) असो वा ऑब्जेक्ट कोड (त्याचं यंत्रासाठीचं रूप), कॉपीराइटच्या बर्न करारातल्या वाङ्मयीन कृतीसारखंच संरक्षण द्या.

दुसरा दरवाजा पेटंटचा. तिथे पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं: प्रोग्राम 'पर से' (निव्वळ प्रोग्राम म्हणून) आणि अल्गोरिदम पेटंटयोग्य नाहीत. म्हणजे प्रोग्राम यंत्राचा भाग मानला तर आपल्याकडे तो दोन्हीकडून उघडा पडतो. सॉफ्टवेअर कंपन्यांना कॉपीराइट प्रिय का, ते यावरून कळेल.

पण प्रोग्रामला संरक्षण आहे म्हणजे त्यातल्या प्रत्येक गोष्टीला आहे असं नाही. कल्पनेवर कॉपीराइट नाही हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' चित्रपट उचलला असा आरोप होता. विषय एक, मांडणी वेगळी, म्हणून दावा फेटाळला. पुढे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक प्रकरणात नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी असा दंडक आला. ते प्रकरण कोर्टाच्या निकालांच्या संपादित प्रतींचं होतं, पण कसोटी कोडलाही तीच लागेल. रेंजचेक या कसोटीवर टिकेल का? मला शंका आहे.

वाचनवेडी

बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता तोच कोड लिहिला तर?

उलटतपासणी

@वाचनवेडी, अजिबात बाळबोध नाही. दोघांनाही आपापला कॉपीराइट. कॉपीराइट नकलेविरुद्ध असतो, योगायोगाविरुद्ध नाही. पेटंटमध्ये मात्र मागून आलेला मेला.

सनीवेलकर

मी इथे बे एरियात असल्याने हा खटला आमच्या कँटीनमध्ये दहा वर्षं चालू होता. :)

अर्धविराम, 'पर्याय उरत नाही' या तुमच्या वाक्यातच सगळी मेख आहे. पर्याय कधी मोजायचे? गूगल उचलायला बसलं तेव्हा पर्याय नव्हते हे खरं. पण सनचा माणूस पहिल्यांदा नाव ठेवायला बसला तेव्हा मॅक्सऐवजी 'लार्जर', 'ग्रेटर', काहीही ठेवू शकत होता, आणि मॅथऐवजी दुसऱ्या क्लासात टाकू शकत होता. २०१४ मध्ये अपील कोर्टाने नेमकं हेच म्हटलं: पर्याय मूळ लेखकासमोर किती होते ते बघा, नकलाकारासमोर किती उरले ते नव्हे. तुमची कसोटी लावली तर जी गोष्ट जास्त लोकप्रिय तिचं संरक्षण आधी जाणार. हे कसं न्याय्य?

न्यायमूर्ती थॉमस यांचं भिन्नमत (अलिटो त्यांच्यासोबत) जरूर वाचा. त्यांचा मुद्दा साधा आहे. १९८० च्या व्याख्येत 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' संगणकात वापरायच्या सूचना असे शब्द आहेत. डिक्लेअरिंग कोड अप्रत्यक्ष काम करतो, म्हणजे तोही प्रोग्राम. काँग्रेसने दोन प्रकारच्या कोडमध्ये फरक केला नाही, तुम्ही कोण करणारे? आणि बहुमताने मूळ प्रश्न टाळला यावर त्यांनीही टीका केली आहे. तुमची तक्रार आणि थॉमस यांची तक्रार एकच आहे, फक्त उत्तरं उलटी.

अर्धविराम

@सनीवेलकर, थॉमस यांच्या शेजारी बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. :)

पण लोकप्रियतेमुळे संरक्षण जातं असं मी म्हणत नाही. मॅक्सच्या पोटातला कोड कितीही गाजला तरी तो सनचाच. सवाल हाक मारायच्या नावाचा आहे. ते नाव सनने ६० लाख लोकांना शिकवलं, पुस्तकं छापली, शिका म्हणून मागे लागले. लोक शिकले. ते शिकलेलं आता त्या लोकांचं आहे, सनचं कसं राहील?

युरोपने हे सरळ सांगून टाकलं. एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग, २ मे २०१२. प्रोग्राम काय काम करतो ते, प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटा फाईलचा फॉरमॅट, यातलं काहीही प्रोग्रामची अभिव्यक्ती नाही. सोर्स आणि ऑब्जेक्ट कोड मात्र आहे. ऑल्सप यांचा निकाल त्याच महिन्याच्या ३१ तारखेचा. लक्झेंबर्गमध्ये (युरोपीय न्यायालयात) जे जमलं ते वॉशिंग्टनला ९ वर्षांनी जमू नये?

पंचकार्ड

सोर्स कोडपर्यंत एकवेळ समजू शकतो, माणूस वाचतो तरी. पण ऑब्जेक्ट कोड? शून्य आणि एक? ती कुणाची अभिव्यक्ती, सोर्सचं ऑब्जेक्ट करणाऱ्या कंपायलरची?

सनीवेलकर

काका, हा प्रश्न १९८३ मध्येच निकालात निघाला, ॲपल विरुद्ध फ्रँकलिन. फ्रँकलिनने ॲपल-२ ची हुबेहूब प्रतिकृती काढली, ऑपरेटिंग सिस्टिमसकट. त्यांचा बचाव तुमचाच होता: रॉममध्ये, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या मेमरीत, कोरलेले शून्य-एक कुणी वाचत नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे निव्वळ कार्यपद्धती. आधीच्या कोर्टाला ते थोडंफार पटलंही होतं. अपील कोर्टाने सांगितलं, माणसाने वाचणं ही अट नाही.

मजा पुढे आहे. फ्रँकलिनच्या मशीनमधला कोड तपासला तर आत 'ॲपलसॉफ्ट' हा शब्द आणि ॲपलच्या एका प्रोग्रामरचं नाव तसंच्या तसं सापडलं. उत्तरपत्रिकेत शेजारच्याचा परीक्षा क्रमांकही उतरवून काढलेला! आम्ही स्वतः लिहिलं असं म्हणायची सोयच उरली नाही. फ्रँकलिननेही नक्कल नाकारली नाही, फक्त कॉपीराइटच लागू नाही असा पवित्रा घेतला.

पंचकार्ड

चोरी सिद्ध झाली. अभिव्यक्ती सिद्ध झाली नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी माझ्या जागेवर.

वेलांटी

मी प्रोग्रामर नाही, डीटीपी आणि टाईपमधली आहे, पण 'शिकलेलं कुणाचं' या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

मराठी टाइपरायटरवर सरकारी परीक्षा पास होऊन आलेली माणसं छापखान्यात बसायची. कुठल्या कळेवर काय, हे त्यांच्या बोटांत असायचं. नंतर संगणक आले, इनस्क्रिप्ट आला, फोनेटिक आला. तरी डीटीपीच्या बहुतेक सॉफ्टवेअरांना 'टाइपरायटर' किंवा 'रेमिंग्टन' असा कीबोर्ड द्यावाच लागला, नाहीतर ऑपरेटर हात लावायला तयार नसत. समजा त्या कळांच्या मांडणीवर कुणा एकाची मालकी असती, तर बोटांना शिकवलेलं सगळं त्याच्याकडे गहाण पडलं असतं. पहिल्यांदा मांडणी करणाऱ्याला पर्याय होतेच की, सनीवेलकर! अर्धमात्रा इकडे ठेवू की तिकडे, त्याची मर्जी. पण माणसं शिकल्यावर मर्जी संपली.

सनीवेलकर

@वेलांटी, वा! तोंडी सुनावणीत ब्रेयर यांनी क्वर्टी कीबोर्डचा (इंग्रजी कळांची नेहमीची मांडणी) विषय काढलाच होता. असल्या गोष्टीवर आता कॉपीराइट दिला तर सगळे टाइपरायटर एकाच्या ताब्यात जातील, अशा अर्थाचं ते बोलले होते. निकालातही प्रोग्रामरांनी शिकण्यात घातलेल्या कष्टांवर भर आहे, आणि डिक्लेअरिंग कोड कॉपीराइटच्या गाभ्यापासून इतर प्रोग्रामांपेक्षा लांब आहे असं म्हटलंय. म्हणजे उत्तर दिलं नाही, पण कल दाखवला.

वेलांटी

आणि फॉन्टचं काय माहीत आहे का? अमेरिकेत अक्षराच्या वळणावर, म्हणजे टाईपफेसवर, कॉपीराइट नाही. पण तोच फॉन्ट फाईल म्हणून आला की तो प्रोग्राम, आणि प्रोग्रामला आहे! १९९८ साली कॅलिफोर्नियात ॲडोबीच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की वक्ररेषेवरचे बिंदू कुठे ठेवायचे हे निवडण्यात सर्जनशीलता आहे. म्हणजे 'क्ष' चा गोलावा घडवण्यात महिने घालवले त्याला काही नाही, त्या गोलाव्यावर टिंबं ठेवली त्याला संरक्षण. पंचकार्ड काका, तुम्हाला कंपायलरचा राग येतो, मला याचा येतो.

बाय द वे, मुंबईच्या 'एक टाईप'चा 'मुक्ता' मुक्त परवान्यावर आहे. तो वापरा आणि शांत झोपा.

टवाळखोर

'क्ष' च्या गोलाव्यासाठी आंदोलन झालं तर मी येईन. घोषणा 'मुक्ता' मध्ये छापू.

गोदाकाठ

चर्चा फार वरच्या पातळीवर चालली आहे, जरा खाली येतो. मी फ्रीलान्स काम करतो. एका पॅथॉलॉजी लॅबला बिलिंग आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर करून दिलं. करार असा काही नाही, कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं. पैसे बऱ्यापैकी मिळाले. सर्व्हर त्यांचा असल्याने सोर्स कोड त्यांच्याकडेच होता. नंतर कळलं की त्यांनी तो दुसऱ्याला देऊन, लोगो बदलून, ओळखीतल्या आणखी लॅबना विकायला लावलाय. विचारलं तर उत्तर: 'आम्ही पैसे दिलेत, कोड आमचा.' माझी अभिव्यक्ती वगैरे राहू द्या, कोड कुणाचा ते सांगा.

उलटतपासणी

@गोदाकाठ, बहुधा तुमचाच. इथे बहुतेक लोकांचा समज उलटा असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कलम १७: कृतीचा पहिला मालक लेखक. अपवाद (सी): नोकरीत असताना, नोकरीचं काम म्हणून केलेलं असेल तर मालक म्हणजे नोकरी देणारा. तुम्ही पगारी नव्हता, कंत्राटी होता. पैसे देऊन करून घेतलेल्या कामाची मालकी आपोआप ग्राहकाकडे जाते ती अपवाद (बी) मधल्या मोजक्या गोष्टींत: फोटो, चित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम, चित्रपट. प्रोग्राम त्या यादीत नाही. मग हक्क जायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीनिशी हस्तांतरण हवं. तुमच्या सांगण्यावरून तसं काही झालेलं दिसत नाही.

आणखी मौज सांगते. सही केली असती, पण मुदत लिहिली नसती, तर ते हस्तांतरण ५ वर्षांचंच धरलं जातं. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरतं. आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, हस्तांतरण रद्द. कंपन्यांच्या करारात 'कायमस्वरूपी, जगभर' असे शब्द ठासून भरलेले असतात ते उगाच नाही.

लॅबची बाजूही बघा. त्यांनी किंमत मोजली आहे, त्यांच्या कामासाठी सॉफ्टवेअर चालवायचा त्यांना अधिकार आहेच. कलम ५२(१)(एए) प्रमाणे त्या वापरासाठी लागणारी आणि बॅकअपची प्रतही ठेवता येते. पण स्वतः वापरणं वेगळं आणि लोगो बदलून चार लॅबना विकणं वेगळं. कोटेशन, व्हॉट्सॲप, गिटचा इतिहास (कोडमधल्या बदलांची नोंद), सगळं जपून ठेवा आणि तुमच्या गावातल्या वकिलाला दाखवा. मी इथे सल्ला देत नाहीये, कायदा सांगतेय.

वाचनवेडी

आणि उलट झालं तर? म्हणजे कंपनी सोडलेल्या माणसाने तोच कोड नव्या कंपनीत आठवून लिहिला?

सनीवेलकर

@वाचनवेडी, त्याचा आदर्श किस्सा म्हणजे कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताय, १९९२. एक प्रोग्रामर कॉम्प्युटर असोसिएट्स सोडून अल्तायमध्ये गेला, जाताना 'अडॅप्टर' नावाच्या प्रोग्रामचा सोर्स घेऊन. अल्तायच्या 'ऑस्कर'मधला सुमारे ३० टक्के कोड त्याने त्यातूनच उचलला. खटला आल्यावरच अल्तायच्या मालकाला पत्ता लागला. मग त्यांनी शहाणपणा केला. तो कोड कधीच न पाहिलेले ८ प्रोग्रामर बसवले, आधीच्या माणसाशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली, आणि तेवढे भाग नव्याने लिहून घेतले. निकाल: आधीच्या आवृत्तीसाठी ३,६४,४४४ डॉलर भरा, नवी आवृत्ती स्वच्छ.

कोर्टाने तिथे जी कसोटी लावली ती मला आजही सगळ्यात समंजस वाटते. प्रोग्राम थराथराने सोलायचा. कार्यक्षमतेसाठी अटळ ते बाजूला, हार्डवेअरमुळे किंवा दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी अटळ ते बाजूला, सगळ्यांच्या मालकीचं ते बाजूला. उरेल त्याचीच तुलना. बऱ्याचदा हातात फार थोडं उरतं.

पंचकार्ड

म्हणजे सोलत सोलत माझ्याकडेच आलात.

अर्धविराम

काका, थोडं उरतं म्हणजे काहीच उरत नाही असं नव्हे.

मला आता वेगळीच चिंता वाटतेय. हाच खटला मुंबई किंवा दिल्लीच्या हायकोर्टात उभा राहिला असता तर? उलटतपासणी ताई, माझा तर्क तपासा. गूगल जिंकलं ते फेअर यूजवर. तो अमेरिकेत मोकळाढाकळा आहे, चार निकष आणि बाकी न्यायाधीशांची मर्जी. आपल्याकडे कलम ५२ म्हणजे यादी. यादीत असाल तर सुटलात. यादीतलं जवळचं काय, तर ५२(१)(एबी): स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामबरोबर चालावा म्हणून लागणारी माहिती मिळवायला जे करावं लागेल ते, आणि तेही ती माहिती सहज उपलब्ध नसेल तरच. पण जावाचे एपीआय (म्हणजे हाक मारायच्या त्याच ओळी आणि त्यांची मांडणी) तर सगळ्यांसाठी छापलेले होते! शिवाय गूगलला जावाच्या प्रोग्रामांशी जुळवून घ्यायचं नव्हतंच, त्यांना माणसं हवी होती. मग गूगल इथे कशावर टिकलं असतं?

उलटतपासणी

तर्क बरोबर आहे. ५२(१)(एसी) मध्ये प्रोग्रामचं काम निरखायला, अभ्यासायला, चाचणी घ्यायला मुभा आहे, त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं कळावीत म्हणून. पण ते अभ्यासापुरतं. पुढे ११,५०० ओळी उतरवून विकायला त्याचा आधार नाही.

म्हणूनच भारतात तुमचा मूळ प्रश्न टाळता येणार नाही. फेअर यूजची पळवाट नसल्याने आपल्या न्यायाधीशाला सांगावंच लागेल की डिक्लेअरिंग कोड अभिव्यक्ती आहे की कार्यपद्धती. आणि आपल्या कायद्यात अमेरिकेच्या १०२(बी) सारखं 'पद्धती, प्रक्रिया यांना संरक्षण नाही' असं स्पष्ट कलमही नाही, सगळी भिस्त आर. जी. आनंदवर. नाटक-चित्रपटाच्या निकालावरून एपीआयचा निकाल लावायचा. ज्या वकिलाला ती केस मिळेल त्याचा मला हेवा वाटतो.

गोदाकाठ

ओपन सोर्सवाल्यांना तर हे सगळं नकोच असेल ना? कॉपीराइटच नसता तर कोड सगळ्यांचाच झाला असता.

सनीवेलकर

उलट! जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचे दात म्हणजेच कॉपीराइट. 'बदल केलेस आणि वाटलेस तर सोर्सही दे' ही अट कशाच्या जोरावर घालणार? २००८ चा जेकबसन विरुद्ध काट्झर बघा. खेळण्यातल्या आगगाड्या चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरवरून भांडण. समोरच्याने फाईली घेतल्या, लेखकांची नावं आणि परवान्याचा मजकूर न ठेवता वापरल्या. कोर्ट म्हणालं, फुकट दिलं म्हणून अटी फुकट नाहीत. अट मोडली तर तो कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. पंचकार्ड काकांचं ऐकलं असतं तर लिनक्सचा परवाना नुसता विनंतीअर्ज झाला असता.

पंचकार्ड

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर विचार करतो. जागा सोडलेली नाही, पण विचार करतो.

गोदाकाठ

शेवटचं विचारतो. नोंदणी करून ठेवू का? फायदा आहे? आणि सगळा सोर्स द्यावा लागतो का, तो उघडा पडणार नाही?

उलटतपासणी

नोंदणी सक्तीची नाही, कोड लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो. पण नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणून करा. सगळा सोर्स लागत नाही: कॉपीराइट नियमावलीतल्या नियम ७० प्रमाणे निदान पहिली १० आणि शेवटची १० पानं, एकूण २० पानांच्या आत असेल तर पूर्ण. काळं फासलेला भाग चालत नाही. त्या पानांत पासवर्ड आणि लॅबच्या पेशंटची नावं राहिली नाहीत ना, तेवढं आधी तपासून घ्या.